तिसरं मूल आणि तिसरी गाडी

पुण्यात कुणाशीही रस्त्यात उभं राहून पाच मिनिटं बोललं की सहाव्या मिनिटाला ‘गर्दी फार झाली हो’ हे वाक्य येतंच. बोलणारा सदाशिव पेठेतला असेल, पंधरा वर्षांपूर्वी लातूरहून येऊन वारज्यात घर केलेला असेल किंवा गेल्या दिवाळीनंतर हिंजवडीत नोकरीला लागलेला नागपूरकर असेल, तक्रार तीच. आपलं सामान टेम्पोतून उतरलं त्या दिवशी शहर नेमकं भरलं आणि नंतर आलेले सगळे जास्तीचे, असा हा हिशेब. माझ्या आईच्या मते पुणं बिघडलं ते पानशेतच्या पुरानंतर, म्हणजे १९६१ नंतर. आजोबा त्याही मागे जात. कोल्हापूरची प्रभात कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली आणि तिच्याबरोबर नको ती माणसं आली, असं त्यांचं ठाम मत होतं. प्रभातचा सिनेमा मात्र त्यांनी एकही सोडला नव्हता.

१९५१ च्या जनगणनेत पुणे शहर पाच लाखांच्या आत होतं. २०११ मध्ये महापालिकेच्या हद्दीत ३१ लाख २४ हजार माणसं मोजली गेली. २०२१ ची जनगणना लांबली आणि मधल्या काळात हद्दच वाढली. २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावं आत घेऊन पुणे महापालिका क्षेत्रफळानं राज्यातली सगळ्यात मोठी झाली. ही वाढ पाळण्यातून आलेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्राचा जननदर १.७ निघाला. आहे तेवढी लोकसंख्या टिकवायलाही बाईमागे २.१ मुलं लागतात. पुण्याची गर्दी एसटीनं आणली, दुष्काळानं आणली, कॉलेजांच्या प्रवेशांनी आणि बिल्डरांच्या जाहिरातींनी आणली. जी गावं हद्दीत आली त्यांच्या बाबतीत तर शहरच त्यांच्या शेतात शिरलं. तरीही लोकसंख्येचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे झोपडपट्टीतलं, लेकरांनी भरलेलं एक दार उभं राहतं. एकुलत्या एका मुलाला स्वतःची वेगळी खोली असलेला बाणेरचा बाराव्या मजल्यावरचा फ्लॅट उभा राहत नाही.

यात आपण एकटे नाही. पॉल एर्लिक या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाचं ‘द पॉप्युलेशन बॉम्ब’ हे १९६८ सालचं गाजलेलं पुस्तक सुरूच होतं दिल्लीतल्या एका उकाड्याच्या रात्री. लेखक कुटुंबासह टॅक्सीतून चाललेला, बाहेर माणसंच माणसं, आणि त्याला लोकसंख्येचा प्रश्न हाडापर्यंत कळतो. त्या वेळी पॅरिस महानगरात दिल्लीच्या दुपटीहून जास्त माणसं राहत होती. पॅरिसच्या रस्त्यावर कुणाला असा साक्षात्कार झाल्याचं ऐकिवात नाही. मला त्या प्रसंगात गर्दीपेक्षा टॅक्सी महत्त्वाची वाटते. मोजणारा गाडीत बसलेला आहे आणि गाडी मोजणीत नाही.

ही टॅक्सी मला पुण्यात पुन्हा पुन्हा भेटते. वेताळ टेकडीच्या आंदोलनात तर फारच. बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंत टेकडीला चिरून जाणारा दोनेक किलोमीटरचा रस्ता अनेक दशकं कागदावर होता. २०२३ मध्ये तो खरंच होणार असं दिसू लागल्यावर त्या एप्रिलमध्ये हजारो पुणेकर रस्त्यावर उतरले. पन्नाशी-साठीची मंडळी, कॉलेजातली पोरं, लहान मुलांना खांद्यावर घेतलेले बाप. मी अनेक मोर्चे पाहिले आहेत, पण पुण्याचा मध्यमवर्ग इतक्या संख्येनं, तेही उन्हाळ्यात, घोषणा देत चालताना क्वचित पाहिला. त्याच महिन्याच्या अखेरीस नदीकाठ सुशोभीकरणात जाणाऱ्या झाडांना लोकांनी मिठ्या मारल्या. गढवालातल्या ‘चिपको’ला तेव्हा पन्नास वर्षं झाली होती.

रस्त्याच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा मुद्दा एकच होता. लोक वाढतायत, गाड्या वाढतायत, मग रस्ता नको तर काय करायचं? आणि गंमत अशी, की टेकडी वाचवणाऱ्यांच्या गप्पांतही शेवटी तेच निघायचं. पुण्यात आता माणसं मावत नाहीत, कुणीतरी आवर घातला पाहिजे. दोन्ही बाजूंना ती न दिसणारी गर्दी उपयोगी पडत होती. एकाला टेकडी फोडायला, दुसऱ्याला हळहळायला. ज्या टेकडीवरून हे सगळं चाललं होतं तिच्या माथ्याशी वाहनांची चाचणी घेणारी ‘एआरएआय’ ही संस्था आहे. अर्धं पुणं टेकडीला तिच्याच नावानं ओळखतं. पहाटे सहाला त्या रस्त्यावर जाऊन बघा. चालायला आलेल्यांच्या चारचाक्यांची रांग वळणापर्यंत असते. एकेका गाडीत एकेक माणूस आलेला असतो. २०१८ मध्ये पुण्यातल्या नोंदणीकृत वाहनांचा आकडा ३६ लाखांवर गेला, तेव्हा शहरातल्या माणसांचा अंदाज ३५ लाखांचा होता. बातमी दोन दिवस चघळली गेली आणि विरून गेली. माणसांपेक्षा गाड्या जास्त होणं ही लोकसंख्येची समस्या आहे असं कुणाला वाटलं नाही.

सरकारलाही वाटत नाही. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत कुठलीही निवडणूक लढवायची तर मुलं मोजून द्यावी लागतात. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेलं असेल तर उमेदवारी बाद, निवडून आल्यावर झालं तर पद जातं. आमदार-खासदारांना हा नियम नाही. मोठ्या सभागृहात गेल्यावर मुलं जड होत नसावीत. तर हा नगरसेवकपदाचा उमेदवार जे शपथपत्र भरतो त्यात वाहनांचीही नोंद असते. तिथं एक मोटार काय आणि पाच काय, ती मालमत्ता. कुणा बाईचं तिसरं मूल तिला सभागृहाबाहेर ठेवतं. कुणाची तिसरी गाडी त्याची पत वाढवते. नदीकाठाला भिंती घालायच्या का, टेकडीतून रस्ता न्यायचा का, हे याच सभागृहात ठरतं.

या नियमाची मुळं शोधत मागे गेलं की एका विचित्र ठिकाणी पोहोचायला होतं, कर्वे रस्त्यावर. रस्ता ज्यांच्या नावाचा ते महर्षी धोंडो केशव कर्वे. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथ. जन्म १८८२ चा, शिक्षण पुण्यात, न्यू इंग्लिश स्कूल आणि फर्ग्युसनमध्ये. त्यांच्या नावाचा उच्चार वडिलांच्या पुतळ्याशेजारी उभं राहून अजूनही जरा खालच्या आवाजात केला जातो. १९२१ साली मुंबईत त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्सनं आपलं केंद्र उघडलं ते त्याच वर्षी. १९२३ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं, १९२५ मध्ये विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी सुटली, १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले, १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले. पुढे १९३८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाच्या सोयी उपलब्ध करून द्याव्यात असा अशासकीय ठराव पी. जे. रोहम यांनी मांडला. त्यामागचं भाषण आंबेडकरांचं. ठराव ११ विरुद्ध ५२ मतांनी पडला. रघुनाथराव आणि मालतीबाईंनी स्वतः मूल होऊ दिलं नाही.

लोकसंख्येचा मुद्दा रघुनाथरावांच्या लेखनात आहे, नाही असं नाही. पण त्यांचा जीव अडकला होता तो दुसरीकडे. बाळंतपणांनी झिजणाऱ्या बाईचं शरीर तिचं स्वतःचं आहे, मूल केव्हा आणि किती हे तिनं ठरवावं, आणि सुखावरही तिचा हक्क आहे, यात. त्या काळात सभ्य माणसं यावर एकच उपाय सांगत. संयम पाळा. गांधीजींचं तर तेच मत होतं. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर त्यांना वर्ध्याला जाऊन भेटल्या, त्यांनी पुष्कळ समजावलं, पण गांधीजी ब्रह्मचर्यावरून हलले नाहीत. कर्व्यांना हा उपदेश साफ खोटा वाटे. आठ बाय दहाच्या खोलीत नवऱ्याच्या मर्जीवर राहणाऱ्या बाईला संयमाचा सल्ला देऊन काय होणार? तिला साधन द्या. ते कसं वापरायचं हे तिच्या भाषेत सांगा, परवडेल अशा किमतीत द्या, आणि ते मागायला येताना तिला लाज वाटणार नाही अशी जागा द्या. मग ती काय करते ते पाहा. कर्व्यांचं सगळं आयुष्य या एवढ्या साध्या गोष्टीसाठी खर्ची पडलं.

पुण्यात हे काम पुढे नेलं शकुंतला परांजपे यांनी. रँग्लर परांजप्यांची कन्या, सई परांजप्यांची आई. प्रभातच्या ‘कुंकू’मधली चित्रा म्हणून माझ्या आजोबांना त्या माहीत होत्या. त्याच बाई लोकांना संततिनियमनाची साधनं समजावून सांगतात हे कळल्यावर त्यांना बसलेला धक्का घरात बरीच वर्षं किस्सा म्हणून सांगितला जाई. शकुंतलाबाई पुढे विधान परिषदेत आणि राज्यसभेत गेल्या, १९९१ मध्ये पद्मभूषण झाल्या.

मग सरकारनं हा विषय उचलला. १९५२ मध्ये भारतानं राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू केला, असा कार्यक्रम आखणारा तो जगातला पहिला देश. रघुनाथराव पुढच्याच वर्षी गेले. साधन बाईच्या हातात देण्याचा विचार हळूहळू उद्दिष्टांच्या तक्त्यात गेला. लाल त्रिकोण, शिबिरं, कोटा, बक्षिसाचा ट्रान्झिस्टर. आणीबाणीत महाराष्ट्र विधिमंडळानं तर १९७६ मध्ये तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा होता होता राहिलं. २०१९-२१ च्या पाहणीत देशात कुटुंबनियोजनासाठी शस्त्रक्रिया झालेल्या बायकांचं प्रमाण ३७.९ टक्के निघालं, पुरुषांचं ०.३. कर्व्यांना हे आकडे दाखवले असते तर त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’चा एक अंक नुसता यावर काढला असता.

हे सगळं आठवायचं कारण, हवामानाच्या बाबतीत आपण पुन्हा त्याच संयमाच्या प्रवचनापाशी येऊन थांबलो आहोत. दिवा बंद करा. नळ बंद करा. पिशवी न्या. स्ट्रॉ नको म्हणा. प्रत्येकानं आपला कार्बन ठसा मोजा. ही ठशाची कल्पना घराघरांत पोहोचवली ती एका तेलकंपनीनं, दोन हजारनंतरच्या दशकात ‘बीपी’नं जाहिरातींवर पैसे ओतून. दारू गाळणाऱ्यानं व्यसनमुक्तीची पत्रकं वाटावीत तसा हा प्रकार. मोजूच नये असं मी म्हणत नाही. पुण्यात डॉ. प्रियदर्शिनी कर्वे हे मोजायला अनेक वर्षं शिकवत आहेत. महर्षी कर्व्यांच्या पणती, रघुनाथरावांच्या पुतण्याची मुलगी. पण या घराण्याची रीत इथंही दिसते. त्यांचे वडील डॉ. आनंद कर्वे यांनी ‘आरती’ संस्थेतून स्वयंपाकघरातल्या खरकट्यावर चालणारं छोटं बायोगॅस संयंत्र बनवलं, कमी धुराच्या चुली आणि उसाच्या पाचटाचा कोळसा बनवला. उपदेशाच्या आधी वस्तू. एकाच कुटुंबात हे दोनदा घडावं याचं मला अप्रूप वाटतं.

आणि संयमाचं ओझं कुणावर पडतं? आमच्या घरात ओला-सुका वेगळा करणं, खताच्या टोपलीला भुसा घालणं, त्यात अळ्या झाल्या की शेजारणीला विचारून कडुलिंबाचा पाला आणणं, दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालणं ही माझी कामं. पॅरिस करारावर आमच्या घरातले पुरुष फार अभ्यासपूर्ण बोलतात. एकदा खताच्या टोपलीबद्दल यांना काही विचारलं तर म्हणाले, “ते तुझं खातं.” शस्त्रक्रियेच्या आकड्यांकडे पाहिलं की हे खातेवाटप जुनं असल्याचं कळतं.

माझ्या पिशवीतला सुका कचरा रोज सकाळी ज्या ताई घेऊन जातात, त्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या. पुण्यातल्या कचरावेचक बायकांनी १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी केली आणि तिच्यातून २००८ मध्ये ‘स्वच्छ’ निघाली. शहरातला किती कागद, किती प्लास्टिक, किती पत्रा पुन्हा कारखान्यात जातो याचं उत्तर या बायकांच्या पाठीवर आहे. त्यांच्या स्वतःच्या घरी फ्रिज असला तर असतो, गाडी नसतेच. एकदा त्यांना विचारलं, “ताई, मुलं किती तुम्हाला?” “तीन,” त्या म्हणाल्या आणि लगेच, मी काही बोलायच्या आत, “तिसरी मुलगी न्हाई का झाली, मग आपरेशन केलं,” असं पुस्ती जोडल्यासारखं सांगून टाकलं. समोरच्या सोसायटीतली बाई आपल्याला हा प्रश्न का विचारते हे त्यांना पाठ झालं होतं. मी सहज विचारलं होतं, निदान माझी तशी समजूत होती.

भाचीचं मात्र वेगळंच आहे. ती बालेवाडीत राहते, नवरा-बायको दोघं सॉफ्टवेअरमध्ये, आणि तिनं ठरवलंय की मूल नको. हवामान हेच कारण, असं ती सांगते. “मावशी, अजून एक माणूस आणायचा तो कशासाठी? पन्नास डिग्रीत होरपळायला?” शिवाय तिच्याकडे अभ्यासही आहे. सेथ वाइन्स आणि किंबर्ली निकोलस या संशोधकांचा २०१७ चा निबंध तिनं मला पाठवला. एक मूल कमी होऊ दिलं तर दरसाल ५८.६ टन कार्बन डायऑक्साइडइतका वायू वाचतो, असा त्यातला हिशेब. तो पुष्कळांनी पुष्कळ तऱ्हांनी खोडून काढलाय. हिशेब मुळात श्रीमंत देशांचा, शिवाय मुलाच्या, नातवाच्या आणि पुढल्या पिढ्यांच्या धुराचा वाटा आजच्या आईबापांच्या खात्यावर टाकलेला. म्हणजे अजून न जन्मलेला पणतू गाडी चालवणारच, तीही पेट्रोलची, हे गृहीत. मी तिला म्हटलं, “तुझ्या पणजीला आठ मुलं. तिनं आयुष्यात मोटार पाहिली असेल, पण ती चढली फक्त बैलगाडी आणि एसटी. तिचा किती कार्बन भरतो तो काढ बरं.” ती हसली. “आणि तुझ्या आत्याबाईंचा?” मी विचारलं.

आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाईंच्या थोरल्या नणंद. आदर्श कुटुंब. दोन मुलं, दोघं अमेरिकेत, दोघांना एकेकच अपत्य. सुनेच्या बाळंतपणाला सहा महिने, मग मुलीच्या बाळंतपणाला सहा महिने, मग नातवाची मुंज इथं करायची म्हणून सगळे इकडे, मग उन्हाळे तिकडे. भारतात माणशी वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड पडतो, अमेरिकेत त्याच्या सातपट. पुण्याहून सॅन फ्रान्सिस्कोला एकदा जाऊन-येऊन करायला सरासरी भारतीय माणसाच्या अख्ख्या वर्षाहून कमी पडत नाही. कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर या भागांत असं घर नसलेली सोसायटी सापडायची नाही. पाळणा लांबवला, वेळेवर थांबवला, आणि विमान सुरू झालं. या आजी-आजोबांना मी नावं ठेवत नाही. नातवाला मांडीवर घ्यायला दुसरा रस्ताच नाही. पण लोकसंख्येवर बोलायला आमच्या कट्ट्यावर सगळ्यात आधी सरसावतात ते हेच, आणि तेही जेट लॅग उतरायच्या आत.

भाचीचा निर्णय चुकीचा आहे असं मला वाटत नाही. मूल नको असायला नको असणं एवढं कारण पुरे, आणि हे तिच्याच शहरात शिकून गेलेल्या एका प्राध्यापकानं शंभर वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय. मला खुपतं ते एवढंच, की तिला पृथ्वीची साक्ष काढावी लागते. आणि तिच्याच वयाच्या कचरावेचक ताईला तिसऱ्या मुलीची सफाई द्यावी लागते.

हवामान बदलतंय का, हे विचारायला पुणेकराला लांब जावं लागत नाही. देशाच्या हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून इथं आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला जुने लोक अजून ‘शिमला ऑफिस’ म्हणतात. पाषाणला १९६२ मध्ये स्थापन झालेली उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकारानं २०२० मध्ये निघालेल्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशानं वाढलं आणि थोड्या वेळात कोसळणारा पाऊस वाढला. त्या आधीच्या वर्षी, २० सप्टेंबर २०१९ ला, जगभरातली शाळकरी मुलं हवामानासाठी रस्त्यावर उतरली. पुण्यातही मुलं फलक घेऊन उभी होती. बरोबर पाच दिवसांनी, २५ च्या रात्री, आंबील ओढा फुटला.

आंबील ओढा कात्रजच्या डोंगरातून येतो. नानासाहेब पेशव्यांच्या काळात त्याचा शहरातला प्रवाह वळवला गेला, कात्रजचा तलाव बांधून तिथून शहराला पाणी आणलं. पुढच्या लोकांनी तो वळवला नाही, नुसता दाबला. काठावर इमारती, पात्रात भराव, वर कॉंक्रीट. त्या रात्री दोन-तीन तासांत अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी, दांडेकर पूल या पट्ट्यात भिंती पडल्या, गाड्या एकमेकींवर चढल्या, शहर आणि परिसरात मिळून वीसहून जास्त माणसं गेली. टांगेवाला कॉलनीत मेलेल्या माणसांच्या वाट्याला विमानाची तिकिटं आली नव्हती. पुढे जून २०२१ मध्ये, भर पावसात, ओढ्याकाठची घरं अतिक्रमण म्हणून पाडली गेली. ओढ्याची रुंदी कमी केलेल्या पक्क्या इमारतींना अतिक्रमण म्हणायला जीभ रेटत नाही, कारण त्यांच्याकडे कागद असतात.

नदीचंही तसंच. शहराचं सांडपाणी पुरतं शुद्ध न होता मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत जातं. उजनीचं पाणी सोलापूर पितं. अकरा शुद्धीकरण केंद्रांचा ९९० कोटींचा प्रकल्प जपानच्या मदतीनं २०१६ मध्ये मंजूर झाला. नदीकाठ सजवण्याच्या ४४ किलोमीटरच्या प्रकल्पाचा अंदाज होता ४,७२७ कोटींचा. त्याचं भूमिपूजन ६ मार्च २०२२ ला झालं, त्याच दिवशी मेट्रोही सुरू झाली. मी घरी बादलीत अंघोळ करते, भांड्याचं पाणी झाडांना घालते. पण फ्लश ओढल्यावर पुढे काय होतं यावर माझ्या सद्वर्तनाचा काडीचा उपयोग नाही. त्यासाठी केंद्र हवं, चालू असलेलं. आंदोलनाची गरज मला इथं पटते. लोकांना संयम शिकवण्यासाठी मोर्चा काढावा लागत नाही. साधन मागण्यासाठी काढावा लागतो.

मेट्रो आमच्यापासून फार लांब नाही. पण नळ स्टॉपपर्यंत पोहोचायचं कसं? चालावं तर फुटपाथवर गाड्या, रिक्षावाला एवढ्या जवळ येत नाही. मग लोक गाडी काढतात, आणि एकदा काढली की थेट ऑफिसपर्यंतच जातात. सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून नेहमीची मारामारी चालली होती. तिसरी गाडी घेणाऱ्याकडून जादा पैसे घ्यावेत असा प्रस्ताव मी मांडला. सेक्रेटरी म्हणाले, “काकू, मुलांची पण फी लावता का?” सगळे हसले, मीही. प्रस्ताव पडला. पण त्यातून एक गोष्ट निघाली. मेट्रो स्टेशनपर्यंत छोटी बस सुरू करावी असा अर्ज तीन-चार सोसायट्यांनी मिळून द्यायचा ठरला. देशपांडे काका म्हणाले, “बस येऊ दे, मग बघू गाडी विकायचं.” दुसरं कुणी म्हणालं, “गाडी विकेपर्यंत बस कशाला येईल?” याच्यावर अर्धा तास गेला.

अर्जाचा मसुदा माझ्याकडे आला. बसची वेळ सकाळी साडेआठपासून, कारण ऑफिसं साडेनऊची. सह्या गोळा करत असताना आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी ओट्यापाशी उभ्या होत्या. जनता वसाहतीतून येतात, दोन बस बदलून, उरलेलं चालत. “कसली सही घेताय?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी कणकेचे हात धुतले, पदराला पुसले, कागद घेतला आणि वाचला. सातवीपर्यंत शिकल्यात.

“साडेआठ?” त्या म्हणाल्या. “माझं पहिलं घर सातला लागतं. त्या मागच्या सोसायटीतल्या दोघींचं तर साडेसहाला. साडेआठला बस रिकामीच फिरंल की.”

मी साडेआठ खोडून सहा लिहिलं आणि कागद पुन्हा टाइप करायला दिला. सेक्रेटरींचा फोन आला, की सहाला आपल्याकडचं कोण जाणार आहे? मी म्हटलं, जाणारं कुणी नाही, येणारे आहेत, आणि त्यांच्याही सह्या घ्यायच्या आहेत, तेव्हा अर्ज आणखी दोन दिवस थांबवा.